व्यसनमुक्तीचे घर पाहताना

1962 साली न्यूयॉर्कमधील काही जाणकार एका शोधयात्रेवर निघाले होते. त्यांत डॅनियल कॅस्रिएल हे मनोविकारतज्ज्ञ होते आणि ब्रुकलिनच्या न्यायालयात, सुटलेल्या अपराध्यांवर देखरेख ठेवणारे अधिकारीही होते. हेरॉइनच्या आहारी गेलेला तरुण रुग्णालयातून किंवा तुरुंगातून बाहेर पडतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सुईकडे वळतो, हा त्यांचा नित्याचा अनुभव होता. म्हणून व्यसनी माणसे खरोखर सुधारत आहेत असे ठिकाण कोठे आहे, हे प्रत्यक्ष पाहण्याचे त्यांनी ठरवले. हा शोध त्यांना कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे ‘सिनॅनॉन’ या संस्थेत घेऊन गेला.

सिनॅनॉन 1958 साली चार्ल्स डेडरिक या गृहस्थाने सुरू केली होती. तो स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेला होता. तेथे डॉक्टर नव्हते आणि पहारेकरीही नव्हते. व्यसन सोडू पाहणारी माणसेच एका छताखाली राहून घर चालवीत. नव्याने आलेल्याच्या अंगावर काटा येई, उलट्या होत. पण त्याला एकांतात न ठेवता दिवाणखान्यातच झोपवीत आणि त्याच वाटेने आलेले सोबती त्याच्या उशाशी बसत. मादक पदार्थ आणि मारहाण यांना सक्त मनाई होती. प्रत्येकाची सुरुवात भांडी घासणे, झाडलोट यांपासून होई. विश्वास वाढेल तशी जबाबदारी वाढे. ज्यांच्याबद्दल घरच्यांनीही आशा सोडली होती, ती माणसे वेळेवर उठून काम करताना पाहून कॅस्रिएल प्रभावित झाले. 1963 साली त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंडवर ‘डेटॉप’ ही संस्था उभी राहिली.

पाहून शिकण्याची ही परंपरा पुढे चालू राहिली. 1967 साली न्यूयॉर्कमध्ये ‘फिनिक्स हाउस’ सुरू झाले. इंग्लंडमधील ग्रिफिथ एडवर्ड्स व इयान क्रिस्टी या मनोविकारतज्ज्ञांनी अमेरिकेतील ही घरे पाहिली आणि लंडन व पोर्ट्समथ येथे तशी केंद्रे सुरू होण्यास चालना मिळाली. 1972 साली नेदरलँड्समध्ये मार्टिन कोयमन यांनी ‘एमिलीहूव्हे’ हे केंद्र सुरू केले. एका घरातील दिव्यावर दुसऱ्या घरातील दिवा लागावा, तसा हा प्रवास झाला.

मात्र ज्या दिव्यावरून हे दिवे लागले, त्याची पुढची कथा दुःखद आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस सिनॅनॉनने आपला मूळ हेतूच बदलला. माणसाला बरे करून समाजात परत पाठवण्याऐवजी त्याने आयुष्यभर तेथेच राहावे, असे धोरण आले. ‘गेम’ नावाच्या बैठकीत सर्वांनी मिळून एकाचे दोष निर्दयपणे उघडे करण्याची जी पद्धत होती, ती संस्थापकाच्या हातातील शस्त्र बनली. मारहाणीवरील बंदी उठली. 1977 साली तेथील पुरुषांवर नसबंदीची सक्ती झाली. 1978 साली संस्थेविरुद्ध खटला लढवणाऱ्या एका वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवण्यात आला. या प्रकरणात 1980 साली डेडरिकने न्यायालयात आरोपांना विरोध न करण्याची भूमिका घेतली. 1991 साली संस्था विसर्जित झाली. तिचे खरे रूप जगासमोर आणणाऱ्या एका लहानशा स्थानिक साप्ताहिकास 1979 सालचा पुलित्झर पुरस्कार मिळाला होता.

पाहुण्यांचा विवेक

न्यूयॉर्कहून गेलेल्या अभ्यासकांना हे भविष्य दिसणे शक्य नव्हते. परंतु त्यांनी जे पाहिले त्यातील घेण्याजोगे घेतले आणि आपल्या केंद्राचे उद्दिष्ट वेगळे ठेवले. सहवास, श्रम, क्रमाने वाढणारी जबाबदारी आणि व्यसनातून बाहेर आलेल्याचा आधार या गोष्टी त्यांनी स्वीकारल्या. त्यांच्या जोडीला प्रशिक्षित तज्ज्ञ आणले आणि माणसाने शेवटी आपल्या घरी, आपल्या उद्योगाकडे परतावे, हे ध्येय कायम राखले.

आपल्या महाराष्ट्रात 1986 साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. ‘गर्द’च्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी अनिल अवचटांनी केलेले लेखन वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी या कामाला आर्थिक पाठबळ दिले. येथेही व्यसनातून बाहेर आलेले कार्यकर्ते महत्त्वाची जबाबदारी उचलतात. उपचारांत कुटुंबाला सामील करून घेतले जाते, कारण रुग्णाला अखेर घरीच परतायचे असते.

कुटुंबाने काय विचारावे?

सप्तव्यसनांचा त्याग ही आपल्या आचारधर्माची पहिली पायरी. म्हणूनच घरात व्यसन शिरले की ते झाकण्याकडे कल होतो. पेढीची पत जाईल, मुलीच्या सोयरिकीत अडथळा येईल, या भीतीने रातोरात कोणत्यातरी दूरच्या केंद्रात मुलाला सोडून येण्याची घाई होते. माल घेताना दहा दुकाने पाहणारा व्यापारी येथे मात्र एकही प्रश्न विचारत नाही. देणगी देतानाही इमारत पाहिली जाते. आतील माणूस पाहिला जात नाही.

केंद्र पाहण्यास जाणाऱ्याने काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात. पाहुण्यांना रुग्णांशी एकांतात बोलू देतात का? डॉक्टर नियमित येतात का? दारू एकाएकी बंद केल्यास काही रुग्णांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून वैद्यकीय देखरेख अत्यावश्यक असते. मारहाण, साखळदंड, उपासमार यांना ‘शिस्त’ म्हटले जाते का? घरच्यांना भेटता येते का? घरी परतल्यावर पुढे काय, याची योजना आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रमुखाला जाब विचारू शकणारे कोणी तेथे आहे का? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मद्य व मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक विकारांचाही समावेश असून त्यावर निवासी उपचार करणाऱ्या केंद्राला नोंदणी आवश्यक आहे. ती नोंदणी पाहण्यास मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. प्राथमिक मार्गदर्शनासाठी 14446 ही राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे.

दोष उघड करण्याचा मार्ग जैन परंपरेलाही परिचित आहे. प्रतिक्रमणात साधक स्वतःच्या दोषांची आलोचना करतो आणि सर्व जीवांना क्षमा मागतो, क्षमा करतो. सिनॅनॉनच्या बैठकीत दुसऱ्याच्या दोषांवर बोट ठेवले गेले. क्षमेला मात्र तेथे स्थान उरले नाही. उत्तम केंद्रात माणूस आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि ती ऐकणारे त्याला हिणवत नाहीत.

हीच कसोटी घरालाही लागू आहे. केंद्रातून परतलेल्या मुलाला दुकानाची किल्ली पहिल्याच दिवशी कोणी देऊ नये. परंतु सकाळी दुकान झाडण्याचे काम तरी द्यावे. व्यसनमुक्तीची घरे पाहून आलेल्यांनी सर्वत्र हेच पाहिले आहे की, विश्वास थोडाथोडा परत मिळतो आणि त्याची सुरुवात कोणीतरी झाडू हाती देण्यापासून होते.