जबाबदारी कोणाची? गुटख्याच्या निमित्ताने

गुटखाबंदीचा विषय निघाला की आमच्या प्राध्यापक-कक्षात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "खाणाऱ्याला अक्कल नको का?" पुडीवर इशारा आहे, सडलेल्या तोंडाचे चित्र आहे, तरी माणूस खातो. मग शासनाने कोणाकोणाचे हात धरायचे? ज्याचे तोंड त्याची जबाबदारी, असा या म्हणण्याचा मथितार्थ. वरवर पाहता यात व्यक्तिस्वातंत्र्याचा आदर दिसतो. परंतु दलित चळवळीच्या वाचकाने हा युक्तिवाद जरा खोलात जाऊन तपासला पाहिजे, असे मला वाटते.

आधी वस्तुस्थिती पाहू. गुटखा म्हणजे सुपारी, तंबाखू, कात, चुना आणि सुगंधी द्रव्ये यांचे मिश्रण. तंबाखूने कर्करोग होतो हे सर्वांना ठाऊक असते; पण तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनेही तो होऊ शकतो, हा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. सुपारीमुळे गालांच्या आतली त्वचा ताठरते आणि तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्र शासनाने २००२ साली गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. राज्याच्या अधिकाऱ्याला अशी बंदी घालण्याचा अधिकार नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती रद्द केली. पुढे अन्नसुरक्षा कायदा आला. कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन वापरता येणार नाही, असा नियम २०११ मध्ये झाला आणि जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखा व पानमसाल्यावर पुन्हा बंदी आली. कायद्याने असा आदेश एका वेळी वर्षभरापुरताच काढता येतो; म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. बारा महिन्यांची मुदत असलेल्या आदेशापुढे कारखानदाराचा धीर मोठा ठरतो, हे वेगळे सांगायला नको.

हे मी तटस्थपणे लिहीत नाही. २००७ साली वसतिगृहात असताना मीही पुडी फोडत होतो. महिनाअखेरीला खानावळीचे पैसे संपले की रात्रीची भूक मारायला रुपया-दोन रुपयांची पुडी पुरत असे. नोकरी लागल्यावर ती सोडली आणि पुढे बरीच वर्षे मी ही गोष्ट विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगत आलो. मनाचा निर्धार असला की सर्व काही होते, हा माझा आवडता सिद्धान्त होता.

माझा धाकटा भाऊ मार्केट यार्डात हमाली करतो. त्याला मी एकदा हेच सुनावले. तो शांतपणे म्हणाला, "दादा, पंख्याखाली बसून सोडलीस तू. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन सोडून दाखव."

गेल्या वर्षी त्याचे तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. तिखट लागले की डोळ्यांत पाणी येते. भाकरी आमटीत कालवून, अगदी मऊ करून खातो. तपासणीला मी सोबत गेलो होतो. केसपेपरवर 'सवय' असा एक रकाना होता. त्यात भावाचे व्यसन लिहिले गेले. दिवसभर उपाशीपोटी पोती कोणामुळे उचलावी लागतात, पुडी कोणी बनवली, आणि बंदी असताना ती यार्डाच्या फाटकावर कशी पोहोचली, यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

तेव्हा मला जाणवले की 'ज्याची त्याची जबाबदारी' हे तत्त्वज्ञान आपल्याला नवे नाही. धर्मशास्त्रांनी आपल्या पूर्वजांना हेच सांगितले होते : तुझ्या दैन्याचे कारण तुझेच कर्म, व्यवस्थेकडे बोट दाखवू नकोस. मागच्या जन्माच्या जागी आता पुडीवरचा इशारा आला, एवढाच फरक. इशारा छापला की उत्पादक मोकळा झाला आणि दोष खाणाऱ्याच्या कपाळी लागला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहिले. शासनाच्या नियंत्रणापासूनचे स्वातंत्र्य नेमके कोणाचे, हा प्रश्न त्यांनी तेथे उपस्थित केला आहे. शासन बाजूला झाले की जमीनदाराला खंड वाढवण्याचे आणि भांडवलदाराला कामाचे तास वाढवून मजुरी घटवण्याचे स्वातंत्र्य मिळते, असा त्यांचा युक्तिवाद होता. गुटख्याच्या बाबतीतही निवडीचे स्वातंत्र्य हमालाच्या नावावर मागितले जाते आणि भोगतो ते कारखानदार.

पण म्हणून शासनाच्या हाती सगळे सोपवून आपण निर्धास्त व्हावे काय? मुळीच नाही. १८७१ च्या कायद्याने याच शासनसंस्थेने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. २०१५ च्या महाराष्ट्रातील गोवंश कायद्याने गरिबाच्या ताटात हात घातला. शासन आपल्या तोंडातला घास मोजू लागले की पहिला दंडुका कोणाच्या पाठीत बसतो, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. गुटखाबंदीतही पकडला जातो तो बहुधा टपरीवाला. म्हणून कोणत्याही नियंत्रणाला मी एकच कसोटी लावतो : ते बनवणाऱ्याला आणि नफा घेणाऱ्याला आवरते, की वापरणाऱ्याला छळते? पहिल्या प्रकारचे नियंत्रण आपण मागितले पाहिजे. दुसऱ्या प्रकाराला विरोध केला पाहिजे. गुटख्याचा कारखाना बंद करा, वेलचीच्या नावाखाली चालणाऱ्या जाहिराती थांबवा, हमालाला दुपारचे जेवण आणि कामाचे ठरावीक तास द्या. एवढे झाल्यावर मग त्याच्या निर्धाराची परीक्षा घ्या.

मग व्यक्तीची जबाबदारी उरतच नाही का? उरते, आणि ती आपल्या परंपरेत फार मोठी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये मी दारू पिणार नाही, अशी एक प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही नशेपासून दूर राहण्याचेच. पण शील माणूस स्वतः घेतो, आणि माणसांच्या सोबतीने घेतो. स्वतः घेतलेल्या जबाबदारीने माणूस ताठ उभा राहतो. विकणाऱ्याने त्याच्यावर ढकललेली जबाबदारी म्हणजे निव्वळ आरोप असतो. या दोहोंतला फरक आपण विसरता कामा नये.

जयंतीच्या मिरवणुकीत, अभ्यासवर्गाच्या दाराशी, गालात पुडी धरून बोलणारे आपले कार्यकर्ते मी पाहतो. त्यांना मी आता निर्धाराची व्याख्याने देत नाही. शेजारी बसतो, भावाची हकीकत सांगतो आणि तोंडात तीन बोटे उभी मावतात का, ते पाहायला सांगतो.

भावाने पुडी सोडली आहे. पोते अजून सुटलेले नाही.