बिनतारी इअरबडची संगणकाशी जोडणी : परिचय आणि संपर्क

बिनतारी इअरबड संगणकाशी जोडण्याची क्रिया बाह्यतः अत्यंत सुलभ भासते. डबी उघडावी, कळ काही सेकंद दाबून धरावी, संगणकाच्या ब्लूटूथ-यादीत उमटलेले नाव निवडावे, की आवाज कानी येऊ लागतो. परंतु ह्या एका क्रियेत वस्तुतः दोन भिन्न व्यवहार अंतर्भूत असतात. पहिला परिचयाचा, तो एकदाच होतो. दुसरा संपर्काचा, तो प्रत्येक वेळी नव्याने होतो. ह्या दोहोंतील भेद ध्यानात न घेतल्यास जोडणीतील पुष्कळशा अडचणींचा उलगडा होत नाही.

ब्लूटूथच्या संशोधनास १९९४ साली स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत प्रारंभ झाला. इअरबडच्या प्रचलित पद्धतीत २४०२ ते २४८० मेगाहर्ट्‌झ ह्या पट्ट्यातील ७९ वाहिन्यांचा उपयोग केला जातो. दोन्ही उपकरणे सेकंदाला १६०० वेळांपर्यंत वाहिनी बदलतात, आणि ह्या बदलांचा क्रम नियंत्रक उपकरणाचा पत्ता व त्याचे घड्याळ ह्यांवरून ठरतो. वाय-फायही ह्याच पट्ट्यात चालत असल्यामुळे परस्परांचा अडथळा टाळण्यास ही योजना उपकारक ठरते. तथापि तिने गुप्तता लाभत नाही. संपूर्ण पट्टा एकाच वेळी टिपणारी उपकरणे उपलब्ध आहेत. गुप्ततेसाठी निराळी व्यवस्था करावी लागते, आणि परिचयाचे प्रयोजन तेच होय.

एरवी इअरबड अनोळखी उपकरणांच्या पृच्छेस उत्तर देत नाही. कळ दाबून धरली असता मात्र तो काही काळ अशा पृच्छांना प्रतिसाद देतो आणि आपला ४८ बिटांचा पत्ता व आपला प्रकार कळवितो. त्यानंतर दोन्ही उपकरणे स्वतःपुरती एकेक गुप्त संख्या निवडतात, तिजवरून एकेक प्रकट संख्या सिद्ध करतात आणि केवळ ह्या प्रकट संख्यांची देवघेव करतात. स्वतःची गुप्त व दुसऱ्याची प्रकट संख्या ह्यांच्या संयोगातून दोहोंकडे एकच फल निष्पन्न होते. मध्ये ऐकणाऱ्यास प्रकट संख्या कळल्या तरी ते फल व्यवहारतः काढता येत नाही. डिफी व हेलमन ह्यांनी १९७६ साली मांडलेले हे तत्त्व २००७ सालच्या २.१ ह्या आवृत्तीपासून ब्लूटूथमध्ये लंबवर्तुळीय वक्रांच्या गणिताच्या साहाय्याने योजिले गेले. त्या फलापासून १२८ बिटांची किल्ली तयार होते व ती दोहोंच्या स्मृतीत साठविली जाते. येथे परिचय पूर्ण होतो.

पुढील प्रत्येक संपर्काच्या वेळी नवी किल्ली ठरविली जात नाही. एक उपकरण यादृच्छिक संख्या पाठविते. दुसरे तिजवर किल्लीच्या आधारे गणित करून उत्तर देते. उत्तर जुळले, तर किल्ली हवेतून न पाठविताच तिचे अस्तित्व सिद्ध होते. ह्यावरून एका नेहमीच्या अडचणीचा उलगडा होतो. एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स ह्या दोन्ही प्रणाली असल्यास ब्लूटूथचा पत्ता एकच राहतो, पण प्रत्येक प्रणाली आपली किल्ली स्वतंत्र ठेवते. लिनक्समध्ये पुन्हा परिचय घडविला की इअरबड त्या पत्त्यासाठीची जुनी किल्ली टाकून नवी ठेवतो. परिणामी विंडोजमधील जोडणी निष्फळ होते. येथे उपकरणात कोणताही बिघाड नसतो. विंडोजमधील जुनी नोंद काढून नव्याने परिचय करता येतो. पण मग लिनक्समधील किल्ली निरुपयोगी होते. दोन्हीकडे एकच किल्ली ठेवणे, हाच कायमचा उपाय होय.

आता ह्या पद्धतीची मर्यादा पाहू. दोन फोन जोडताना दोहोंच्या पडद्यांवर सहा अंकी संख्या दिसते आणि ती जुळते की नाही हे माणूस पाहतो. मध्ये शिरलेल्या तिऱ्हाइताची फसवणूक यशस्वी होण्याचा संभव त्यामुळे दहा लाखांत एक इतकाच उरतो. इअरबडला पडदा नाही. म्हणून ही पडताळणी गाळावी लागते. गणित तेच राहते आणि नुसते ऐकणारा निष्प्रभ ठरतो. परंतु परिचयाच्या नेमक्या क्षणी दोहोंशी वेगवेगळा व्यवहार करणारा तिऱ्हाईत ओळखता येत नाही. समोरच्याकडे किल्ली आहे एवढेच संगणकास कळते. तो हातातील इअरबडच आहे, ह्याची ग्वाही कोणीही देत नाही.

म्हणून परिचय शक्य तो गर्दीच्या ठिकाणी करू नये. ग्रंथालयातील वा प्रयोगशाळेतील सामायिक संगणकाबाबत विशेष दक्षता आवश्यक आहे. काम संपल्यावर नुसता संपर्क तोडल्याने किल्ली नष्ट होत नाही. इअरबड पुन्हा जवळपास आला की तो संगणक त्याच्याशी परवानगी न विचारता संपर्क साधू शकतो, आणि इअरबडमध्ये मायक्रोफोनही असतो. यादीतून उपकरणाची नोंदच काढून टाकली असता त्या संगणकावरील किल्ली पुसली जाते व परिचय खऱ्या अर्थाने संपतो.