इंधनाची बचत

मुलांनो, जामनेरहून जळगावला मोटारीने जाताना चालकाच्या पायाकडे कधी लक्ष दिले आहे का? इंधनाची बचत बरीचशी त्या पायावर अवलंबून असते.

समजा, पुढे कापसाने भरलेली बैलगाडी चालली आहे. उतावळा चालक तिच्यापर्यंत वेगाने जातो आणि करकचून ब्रेक दाबतो. पेट्रोल जाळून मिळवलेला वेग ब्रेक तापण्यात वाया जातो. पुन्हा वेग घेण्यासाठी पुन्हा पेट्रोल जळते. जाणता चालक बैलगाडी दुरूनच पाहतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय आधीच उचलतो.

वेग वाढला की हवेचा विरोधही खूप वाढतो. म्हणून १९७८ साली स्थापन झालेली 'पीसीआरए' ही सरकारी संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग ठेवण्यास सांगते. चाकांत हवा कमी असली, तरी इंधन जास्त लागते. गाडी बराच वेळ थांबणार असेल, तर इंजिन बंद करावे. मात्र उतारावर चालत्या गाडीचे इंजिन कधीही बंद करू नये. त्यामुळे ब्रेक नीट लागत नाहीत आणि जीव धोक्यात येतो.

आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून विकत घ्यावे लागते. मोटार चालवण्याचा परवाना तुम्हांला वयाच्या १८ व्या वर्षानंतरच मिळेल. तोवर प्रवासाला निघताना अब्बांना एवढे जरूर विचारा, "चाकांतली हवा तपासली का?"