फुफ्फुसांची गोष्ट (६) : वायू विरतो, दम उरतो

गेल्या आठवड्यात आपण कापसाच्या धुळीबद्दल बोललो. आज विषारी वायूबद्दल. भिवंडीत कधी रासायनिक युद्ध झालं नाही, मग हा विषय इथे कशाला, असं कुणी विचारेल. रहनाळ, पूर्णा, वळ, काल्हेरच्या पट्ट्यातली गोदामं आठवा. तिथे रसायनांचे साठे सापडल्याच्या आणि आगी लागल्याच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत. वायू तोफगोळ्यातून आला की पिंपातून, फुफ्फुसाला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईपर इथे जर्मन सैन्याने सोडला तो क्लोरीन. १४ जुलै २०१० रोजी शिवडीच्या हाजी बंदरावर जुन्या सिलिंडरांतून गळला तोही क्लोरीनच. पहिल्या महायुद्धात फॉस्जीनने हजारो सैनिक मारले. भोपाळच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट बनवायला हेच फॉस्जीन लागत असे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ते आयसोसायनेट सुटलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी गिरणी कामगारांच्या छातीचा अभ्यास करत होते. त्यांनीच पुढे भोपाळच्या रुग्णांनाही तपासलं. महिने उलटले तरी अनेकांचा खोकला आणि धाप हटत नव्हती.

असं का होतं, हे मस्टर्ड वायूच्या उदाहरणावरून नीट कळतं. २८ जून १९८७ रोजी इराकने इराणच्या सरदश्त शहरावर मस्टर्डचे बॉम्ब टाकले. हा वायू लागताक्षणी फारसं दुखत नाही. काही तासांनी डोळे, कातडी आणि श्वासमार्ग भाजल्यासारखे होतात. जखम भरते, पण बारीक श्वासनलिकांत व्रण राहतो आणि त्या आक्रसतात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. छातीच्या फोटोत मात्र पुष्कळदा काहीच दिसत नाही. ‘फोटो नॉर्मल आहे, मनाचं आहे’ असं ऐकून रुग्ण घरी येतो आणि जिना चढताना मध्येच थांबतो.

म्हणून नुसत्या फोटोवर विसंबू नये. फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्यावी. निरोगी प्रौढ माणूस जोराने फुंकतो तेव्हा एकूण बाहेर पडणाऱ्या हवेपैकी बहुतेक हवा पहिल्याच सेकंदात निघते. हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेलं तर नळ्या अरुंद झाल्याचा संशय घ्यावा. गरज पडल्यास सीटी स्कॅन काढावा, तोही श्वास सोडलेल्या अवस्थेत. अडकलेली हवा त्यातच दिसते.

उपचारांबद्दल स्पष्ट बोलू. मस्टर्डवर उतारा नाही आणि नळ्यांतला व्रण कुठल्याही औषधाने पुसला जात नाही. पण दम हलका करता येतो आणि घसरण मंदावण्याचा प्रयत्न करता येतो. नळ्या सैल करणारं लांब पल्ल्याचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र असलेला पंप (इनहेलर) अनेकांना उपयोगी पडतो. इराणी डॉक्टरांनी असे पंप मस्टर्डच्या रुग्णांवर तपासून पाहिले आहेत. ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज सोडा. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. आपल्याकडे पंप फुकट जातो तो वापरण्याच्या पद्धतीमुळे. आधी पूर्ण श्वास सोडा, पंप दाबतानाच सावकाश आत ओढा, दहा आकडे मोजेपर्यंत रोखा आणि नंतर गुळण्या करा. जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावा. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनियाची लस घ्या, कारण अशा छातीला एक संसर्ग फार महागात पडतो. रोज चालण्याचे आणि श्वासाचे व्यायाम करा. रक्तातला ऑक्सिजन कायम कमी राहत असेल, तरच घरी ऑक्सिजन लागतो. बिडी मात्र बंदच. ती चालू ठेवून पंप ओढणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं.

शेवटी एक विनंती. गोदामात आग लागली, गळती झाली आणि घसा-डोळे चुरचुरले, तर तिथून लगेच बाजूला व्हा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. बरं वाटत असलं तरी जा. फॉस्जीनसारख्या वायूने फुफ्फुसात पाणी भरायला काही तास लागतात. रसायनाचं नाव, तारीख आणि किती वेळ वास घेतला, हे केसपेपरवर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पाच वर्षांनी दम लागेल तेव्हा डॉक्टरांना आणि नुकसानभरपाई मागताना तुम्हाला त्याचाच आधार असेल.