मानवंदनेनंतरचा प्रश्न
२०२० साल चेन्नईचे संगीतविश्व सुने करून गेले. मार्चमधील टाळेबंदीने ध्वनिमुद्रणे थांबली. २५ सप्टेंबरला, करोनाची लागण झाल्यानंतरच्या दीर्घ उपचारांअंती, एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचे निधन झाले. तमिळनाडू सरकारने त्यांना पोलीस मानवंदना दिली, तर २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. हा गौरव यथोचितच होता. परंतु प्रशासनात हयात घालवलेल्या मला त्यांच्या साथीच्या वादकांची चिंता वाटते. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलावंतांना रॉयल्टीचा हक्क मिळाला. मात्र चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक असते आणि ज्याचे नाव प्रथेनुसार श्रेयनामावलीत येत नाही, त्याला तो नाकारला आहे. म्हणूनच निनावी व्हायोलिनवादकाचे नाव नोंदवणे हा सौजन्याचा नव्हे, उपजीविकेचा प्रश्न आहे.