डिजिटल मॉडेलरवरील गिटार : चर्चमध्ये ती चांगली कशी ऐकू येईल?



काही वर्षांपूर्वीच्या नाताळची गोष्ट. कोल्हापूर परिसरातील एका धर्मग्रामात मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी गायकवृंदाने कसून सराव केला होता. गिटार वाजवणाऱ्या तरुणाने पगारातून पैसे साठवून नवे डिजिटल मॉडेलर घेतले होते. प्रत्यक्ष मिस्सेत मात्र ती गिटार पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या गांधीलमाश्यांसारखी वाजू लागली. लोकांनी दोन ओळी सोबत म्हणून पाहिल्या आणि मग ते गप्प झाले. मिस्सेनंतर एक आजी म्हणाल्या, "फादर, यंदा गाणी कुठली म्हटली वो? शब्दच कळंनात." तो तरुण जवळच मान खाली घालून उभा होता. "फादर, घरी हेडफोनवर असा आवाज नव्हता," एवढेच तो बोलला.

तो खरेच सांगत होता. त्याच्या उपकरणात दोष नव्हता आणि त्याच्या वादनातही नव्हता. घरी चांगला वाटणारा आवाज चर्चमध्ये का बिघडतो, हे त्याला कोणी समजावून सांगितले नव्हते. आपल्या अनेक गायकवृंदांत आज अशी उपकरणे आली आहेत. म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडत आहे.

मॉडेलर म्हणजे काय?

इलेक्ट्रिक गिटारची तार कंप पावते, पिकअप त्या कंपाचे विजेच्या क्षीण संकेतात रूपांतर करतो आणि ॲम्प्लिफायर तो संकेत मोठा करतो. परंतु गिटारचा ॲम्प्लिफायर केवळ आवाज वाढवत नाही. त्यातील व्हॉल्व, स्पीकर आणि लाकडी कॅबिनेट हे सर्व मिळून आवाजाला रंग देतात. जुन्या व्हॉल्व ॲम्पचा हा रंग बहुधा मोठ्या आवाजातच खुलतो. तो जड असतो, महाग असतो, आणि वेदीजवळ ठेवला तर गायकांचा आवाज गिळून टाकतो.

मॉडेलर हेच काम गणिताने करते. गिटारच्या संकेताचे ते सेकंदाला साधारणपणे ४८,००० वेळा मोजमाप घेते, त्या आकड्यांवर ॲम्प, स्पीकर व मायक्रोफोन यांच्या वर्तनाची गणिते चालवते आणि निष्पन्न झालेला संकेत थेट मिक्सरकडे पाठवते. रोलंड कंपनीचे व्हीजी-८ हे उपकरण १९९५ मध्ये आले. लाइन ६ कंपनीचे लाल रंगाचे, घेवड्याच्या दाण्यासारख्या आकाराचे पॉड १९९८ मध्ये बाजारात आले आणि घराघरांत पोहोचले. पुढे २००६ मध्ये फ्रॅक्टल ऑडिओचे ॲक्स-एफएक्स व २०१५ मध्ये लाइन ६ चेच हेलिक्स आले. आता तर लहान, स्वस्त पेडलमध्येही ही सोय मिळते. चर्चसाठी याचा मोठा लाभ असा की वेदीजवळ आवाज करणारा ॲम्प ठेवावा लागत नाही. गिटार किती ऐकू यावी हे मिक्सरवरून ठरवता येते.

स्पीकरचा हिशेब

सर्वांत जास्त घोटाळा येथे होतो. गिटार ॲम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या पुढील तीक्ष्ण आवाज फारसा देत नाही. चर्चच्या ध्वनिक्षेपकांची गोष्ट वेगळी. त्यांत उंच पट्टीसाठी स्वतंत्र हॉर्न किंवा ट्वीटर असतो व तो सर्व काही बाहेर काढतो. म्हणून मॉडेलरमध्ये ‘कॅबिनेट सिम्युलेशन’ नावाचा भाग असतो. तो खऱ्या कॅबिनेटप्रमाणे तीक्ष्ण आवाज गाळतो.

नियम साधा आहे. मॉडेलर मिक्सरला जोडत असाल तर हा भाग चालू ठेवावा. मॉडेलर गिटारच्या ॲम्पला जोडत असाल तर तो बंद ठेवावा; कारण तेथे खरा स्पीकर आहेच, दोनदा गाळल्यास आवाज गोधडीखाली दाबल्यासारखा होतो. आमच्या तरुणाने आदल्या आठवड्यात मित्राकडे ॲम्पवर सराव करताना हा भाग बंद केला होता आणि तो पुन्हा चालू करायचा राहून गेला होता. गांधीलमाश्या आल्या त्या तेथून.

हेडफोन आणि चर्च

दुसरे कारण आपल्या कानांत आहे. १९३३ साली फ्लेचर व मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी आपले मोजमाप प्रसिद्ध केले. आवाज हळू असताना कानाला खर्ज आणि अतितीक्ष्ण स्वर कमी ऐकू येतात. आवाज वाढला की ते मधल्या स्वरांच्या बरोबरीला येतात. घरी रात्री इतरांची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात प्रीसेट तयार केला, तर वाजवणारा नकळत खर्ज व तीक्ष्णता वाढवून ठेवतो. तोच प्रीसेट चर्चमध्ये मोठ्याने वाजला की खर्ज घुमतो, तीक्ष्णता कानाला टोचते आणि मधला भाग, ज्यात गिटारचा खरा प्राण असतो, तो हरवतो.

म्हणून प्रीसेटचा शेवटचा हात चर्चमध्ये, चर्चच्याच ध्वनिक्षेपकांवर आणि उपासनेच्या वेळी जेवढा आवाज असतो तेवढ्या आवाजात फिरवावा. घरी केलेले काम हा कच्चा खर्डा समजावा.

कोठे छाटावे?

गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते. त्याखालील आवाजात केवळ गडगडाट असतो. इक्वलायझरवर ८० ते १२० हर्ट्झच्या खाली आणि ६,००० ते ८,००० हर्ट्झच्या वर कात्री लावावी. खालची जागा ऑर्गन व बेस गिटारसाठी मोकळी होते, वरचा कर्कशपणा जातो. शब्दांची स्पष्टता व्यंजनांवर अवलंबून असते आणि ती बऱ्याच अंशी २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. लोक गात असताना गिटार त्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबलने उतरवली तर शब्द वर येतात. त्या आजींची तक्रार याच पट्ट्याची होती.

डिस्टॉर्शन घरी आवडते त्याहून कमी ठेवावे. ते जितके जास्त, तितके स्वर एकमेकांत मिसळतात व कॉर्ड ओळखू येत नाही. सर्व प्रीसेट एकामागून एक वाजवून त्यांची पातळी सारखी करावी. एका गाण्यात कुजबुज आणि दुसऱ्यात गर्जना, असे झाले की मिक्सरवर बसलेला मनुष्य हतबल होतो.

इमारतीचा आवाज

कोल्हापूरला ही गोष्ट नव्याने सांगायला नको. येथे १८८३ पासून देवल क्लब संगीताची सेवा करीत आला आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत त्या वास्तूची मोठी हानी झाली, तेव्हा साऱ्या शहराला हळहळ वाटली. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात गायक नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्यात इमारतीचाही वाटा असे.

आपल्या चर्चचेही तसेच आहे. उंच छत, दगडी वा गिलावा केलेल्या भिंती आणि फरशी यांमुळे तेथे आवाज आधीच घुमत असतो. त्यात मॉडेलरचा रिव्हर्ब व डिले घातला तर गुंजेवर गुंज चढते. चर्चमध्ये रिव्हर्ब अगदी थोडा ठेवावा किंवा बंदच करावा. रिकाम्या चर्चमध्ये आवाज जास्त घुमतो. माणसे भरली की त्यांचे कपडे व शरीरे तो शोषून घेतात. शनिवारच्या सरावात आवाज किंचित तीक्ष्ण वाटला तर रविवारी तो बहुधा बरोबर बसतो. बहुतेक चर्चमधील ध्वनियंत्रणा मोनो असते. तेव्हा प्रीसेटही मोनोमध्येच तपासावा, अन्यथा काही स्टीरिओ इफेक्ट एकत्र येताना आवाज पोकळ होतो.

जोडणी आणि वीज

मॉडेलरपासून मिक्सरपर्यंत संतुलित एक्सएलआर केबल वापरावी. लांबच्या केबलमध्ये खरखर कमी येते. घूं असा आवाज आल्यास उपकरणावरील ‘ग्राउंड लिफ्ट’चे बटण दाबून पाहावे. विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये; त्यात जिवाला धोका आहे. वीज क्षणभर गेली तरी मॉडेलर बंद पडते आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ घेते. त्यासाठी लहानसा यूपीएस असणे हिताचे. गायकवृंदाला स्वतःला ऐकू येण्यासाठी वेगळा मॉनिटर द्यावा. तो नसला की वादक आवाज वाढवतो आणि सगळे बिघडते.

अकूस्टिक गिटार वाजवणाऱ्यांनी तिला इलेक्ट्रिक ॲम्पच्या मॉडेलमधून नेऊ नये. मॉडेलरमध्ये अकूस्टिकसाठी वेगळी सोय असल्यास ती वापरावी, नाहीतर साधा इक्वलायझर पुरे. शिटी किंवा घुमारा येऊ लागला तर सबंध आवाज कमी करण्याऐवजी नेमका तो स्वर शोधून तेवढाच उतरवावा.

शेवटी

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले. उपासनेला साजेशी आणि भाविकांच्या आध्यात्मिक उन्नतीला पोषक अशी इतर वाद्येही योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील, असा मार्ग तिने मोकळा ठेवला. कसोटी स्पष्ट आहे : वाद्याने लोकांना गाण्यास मदत केली का? मिरवणुकीतल्या डॉल्बीची कसोटी वेगळी असेल. आपली ही आहे.

त्या नाताळनंतर आम्ही तिघे, तो तरुण, मिक्सरवर बसणारे गृहस्थ आणि मी, एका शनिवारी दुपारी चर्चमध्ये बसलो. तरुण वाजवत होता, मी शेवटच्या बाकावरून ऐकत होतो. कॅबिनेट सिम्युलेशन चालू केले, रिव्हर्ब काढला, खालचा-वरचा आवाज छाटला. सारे मिळून दोन तास लागले; पैसा एकही लागला नाही. पुढच्या ईस्टरच्या मिस्सेत गिटार ऐकू आली की नाही, हे कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाही. परंतु लोक गात होते. त्या आजी बाहेर पडताना त्या तरुणाजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "आज मीबी म्हटलं रं, बाळा."

आपल्या धर्मग्रामातील गायकवृंदानेही असा एक शनिवार अवश्य काढावा.