सुतारखान्यातील दुर्लक्षित साधने : खान्देशच्या संदर्भात

प्रस्तावना

सुतार हा बारा बलुतेदारांतील एक प्रमुख कारागीर होय. नांगर, वखर, पाभर, बैलगाडी, घराची तुळई आणि दाराची चौकट यांसाठी संपूर्ण गाव त्याच्यावर अवलंबून असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गाव-गाडा' या ग्रंथात बलुतेदारीच्या या व्यवस्थेचे तपशीलवार विवेचन आढळते. जळगाव व धुळे हे जिल्हे १९०६ पर्यंत खान्देश या एकाच जिल्ह्याचे भाग होते. त्यानंतर पूर्व व पश्चिम खान्देश असे विभाजन झाले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. प्रशासकीय सीमा बदलल्या, तरी सातपुड्याचा साग, शेताच्या बांधावरची बाभूळ आणि या प्रदेशाची ओळख असलेला अंजन यांवर पोसलेली लाकूडकामाची परंपरा समानच राहिली.

सुताराची हत्यारे म्हटली की वाकस, करवत, रंधा, पटाशी, किकरे, हातोडी ही नावे चटकन आठवतात. खंडेनवमीला पूजेत मांडली जातात तीही हीच. ही सर्व लाकूड कापणारी, तासणारी किंवा ठोकणारी हत्यारे होत. विजेची यंत्रे आली तेव्हा त्यांनी याच हत्यारांची जागा घेतली. परंतु लाकडाची स्थिती ओळखणारी, माप जपणारी आणि कारागिराचे शरीर सांभाळणारी साधने यांचा एक दुसरा वर्ग आहे व तो बहुतांशी दुर्लक्षित राहिला आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांमध्ये सुतारकामाचा समावेश करण्यात आला आणि साधनसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या प्रोत्साहनाची तरतूद करण्यात आली. एवढ्या मर्यादित रकमेत काय निवडावे, हा लहान सुतारखान्यापुढील खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात दुसऱ्या वर्गातील काही साधनांचा परिचय त्या दृष्टीने करून दिला आहे.

लाकडातील पाणी

जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो व हवा अत्यंत कोरडी असते. पुढे दोन महिन्यांतच श्रावणाची दमट हवा सुरू होते. लाकूड हवेतील ओलावा शोषते व परत सोडते. त्यानुसार ते फुगते आणि आकसते. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला दरवाजा आषाढात चौकटीला घासू लागतो, तो याच कारणाने. सुताराला मात्र 'काम कच्चे केले' असा बोल ऐकावा लागतो.

फुगणे-आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते. फळीच्या लांबीत ते नगण्य असते. वार्षिक वलयांना समांतर दिशेत ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारणपणे दुप्पट असते. साग या बाबतीत सौम्य मानला जातो, तरीही ओलाव्यात एक टक्का फरक पडला की वलयांना समांतर कापलेल्या सागाच्या फळीची रुंदी सुमारे ०.१८ ते ०.२ टक्क्यांनी बदलते. अशा फळ्या जोडून पाऊण मीटर रुंदीचे दार केले आणि ओलावा आठ टक्क्यांवरून चौदा टक्क्यांवर गेला, तर रुंदीत आठ-नऊ मिलिमीटरचा फरक पडतो. चौकटीतील फट एवढी क्वचितच ठेवलेली असते. जुन्या कारागिरांनी यावर काढलेला उपाय म्हणजे दिलहेदार दरवाजा. त्यात मधली फळी चौकटीच्या खाचेत सरस न लावता मोकळी बसवतात आणि ती खाचेतच हालचाल करते. खाच पाडण्याचा अरुंद पात्याचा रंधा आज अनेक सुतारखान्यांतून दिसेनासा झाला आहे. त्याच्यासोबत फळी मोकळी ठेवण्याचे कारणही विस्मरणात गेले. आता तीच फळी खिळ्यांनी वा फेव्हिकॉलने पक्की केली जाते आणि पहिल्याच उन्हाळ्यात मधोमध चिरते.

ओलावा मोजण्यासाठी दोन टोकदार सुया असलेला ओलावामापक मिळतो. सुया लाकडात रुतवल्यावर त्यांच्यामधील विद्युतरोध मोजला जातो. ओले लाकूड वीज अधिक वाहू देते, कोरडे कमी. त्यावरून टक्केवारीचा आकडा दिसतो. हे उपकरण साध्या विद्युत ड्रिलपेक्षा महाग नसते. लाकडाच्या जातीनुसार त्याच्या वाचनात थोडा फरक पडतो व ते पृष्ठभागाजवळचाच ओलावा दाखवते. म्हणून फळी आडवी कापून ताज्या कापावर वाचन घेणे इष्ट. उपकरण नसल्यास तराजू पुरेसा आहे. फळीच्या मध्यातून लहान तुकडा कापून त्याचे वजन करावे, सुमारे १०३ अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत तो वाळवावा आणि पुन्हा वजन करावे. घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणले की ओलाव्याची टक्केवारी मिळते.

चाक, धाव आणि कंपास

बैलगाडीचे चाक हा सुताराच्या कौशल्याचा कस पाहणारा भाग. मध्यभागी तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसणारे वक्र पाटे आणि सर्वांना आवळणारी लोखंडी धाव अशी त्याची रचना. बारा आरे व सहा पाटे असलेल्या चाकात प्रत्येक पाट्याला दोन आरे येतात. ही समान विभागणी करण्यासाठी कोन मोजावा लागत नाही. वर्तुळ काढलेल्या कंपासाचे अंतर न बदलता ते परिघावर टाकत गेल्यास बरोबर सहा वेळा बसते, कारण वर्तुळात बसवलेल्या समषट्कोनाची बाजू त्रिज्येएवढी असते. शाळेतील भूमितीचा हा सिद्धान्त अक्षरओळख नसलेल्या सुताराच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होता. कंपासासाठी मराठीत 'कैवार' हा जुना शब्द आहे. एखाद्याचा कैवार घेण्याच्या अर्थाने तो टिकला, साधनाच्या अर्थाने मात्र जवळजवळ लुप्त झाला.

धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात आणि गोवऱ्यांच्या आरात तापवून, ती प्रसरण पावली असता चाकावर चढवून पाणी ओततात. साडेचार मीटर परिघाची धाव ५०० अंशांनी तापली तर तिची लांबी सुमारे २७ मिलिमीटरने वाढते. सारा हिशेब तेवढ्यातच बसवायचा असतो. परिघ दोरीने मोजल्यास दोरी ताणली जाते. युरोपातील चाककारागीर यासाठी मुठीला बसवलेली लहान तबकडी वापरत. ती चाकाच्या कडेवरून फिरवून फेरे मोजत आणि तेवढेच फेरे धावेच्या पट्टीवर मोजून घेत. साधन अगदी साधे आहे आणि पत्र्याच्या चकतीपासून कोणालाही करता येते. उन्हाळ्यात लाकूड आकसून धाव सैल झाली की शेतकरी चाक पाण्यात भिजवून ठेवत. त्यामागेही वर सांगितलेलाच लाकडाचा गुणधर्म आहे. टायरगाडी आल्यावर हे काम आटले, पण वक्र चौकट, गोल मेज वा पाळण्याची कमान करणाऱ्याला कंपास आणि तबकडी आजही तितकीच उपयोगी आहेत.

माप जपणाऱ्या काठ्या

मोजपट्टीच्या टोकाचा आकडा थोडा हलता असतो. आतले व बाहेरचे माप घेताना त्याच्या जाडीएवढा फरक पडू नये, हा त्याचा हेतू. मात्र तो वाकला किंवा त्याचे भोक झिजले की प्रत्येक माप चुकते. एकाच प्रकारची सहा कपाटे करायची असतील तर मापकाठी हा उत्तम पर्याय होय. सरळ काठीवर फळ्यांची जाडी, खणांची उंची, बिजागरीच्या जागा अशा सर्व खुणा एकदाच करायच्या आणि पुढे आकडा न वाचता काठीवरूनच खुणा उतरवायच्या. आकडाच नसल्याने तो चुकीचा वाचला जाण्याचा प्रश्न उरत नाही.

दुसरे साधन म्हणजे टोकदार काठ्यांची जोडी. दोन बारीक काठ्या एकमेकींवर धरून चौकटीच्या एका कर्णात ताणायच्या, मुठीने घट्ट पकडायच्या आणि दुसऱ्या कर्णात लावून पाहायच्या. दोन्ही कर्ण समान असतील आणि समोरासमोरच्या बाजूही समान असतील तरच चौकट काटकोनी. फळीतील पीळ पाहण्यासाठी अशाच दोन सरळ, समान रुंदीच्या पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवतात आणि एकीच्या कडेवरून दुसरीची कड पाहतात. लांब पट्ट्यांमुळे पीळ मोठा होऊन दिसतो. नुसत्या नजरेला तो कळत नाही.

गुण्या तर प्रत्येक सुताराकडे असतो, पण तो खरा आहे की नाही हे क्वचितच तपासले जाते. सरळ कडेला गुण्या लावून रेघ मारावी, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारावी. रेघा एकावर एक आल्या तर गुण्या अचूक. फाकल्या तर दिसणारे अंतर प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते. एकदा जमिनीवर पडलेल्या गुण्याची ही परीक्षा अवश्य घ्यावी. कडेला समांतर रेघ ओढणारा ठोकळा, ज्याला हिंदीभाषक कारागीर खतकश म्हणतात, तोही याच कुळातील. कुसू आणि त्याचे भोक या दोन्हींवर एकाच मापाने रेघ ओढली तरच सांधा घट्ट बसतो.

सामता आणि खरवडपट्टी

सामता हे धनुष्यासारख्या काठीच्या दोरीने फिरवण्याचे भोक पाडण्याचे साधन. दोरीचा वेढा दांड्याला देऊन काठी पुढे-मागे ओढली की पाते आळीपाळीने दोन्ही दिशांनी फिरते. म्हणून त्याची धार दोन्ही बाजूंना असते. गिरमिट मळसूत्राने लाकडात घुसते व कडेजवळ लाकूड फाकवते. (करारमजुरीच्या 'गिरमिटा'शी या शब्दाचा संबंध नाही.) सामता लाकूड खरवडत जातो, त्यामुळे तो सावकाश चालला तरी पातळ पट्टीच्या टोकाशी भोक पाडताना चीर जाण्याचा धोका कमी असतो.

खरवडपट्टी म्हणजे पत्त्याएवढा पोलादी पत्रा. त्याची कड कानशीने सपाट करून कठीण, गुळगुळीत पोलादी दांड्याने दाबून घासली की अतिसूक्ष्म आकडा वळतो आणि तोच रंध्यासारखा पातळ काप काढतो. अंजन किंवा शिसवाच्या उलटसुलट रेषांत रंधा कपचे उडवतो, तिथे ही पट्टी सहज चालते. पूर्वी हेच काम फुटक्या काचेने करत. पॉलिश पेपरपेक्षा धूळ कमी होते, हा मोठा लाभ.

फिरती करवत आणि फुप्फुसे

विजेवरच्या गोल करवतीने श्रम वाचवले, हे नाकारता येणार नाही. २५० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ३,००० फेरे घेते तेव्हा त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर असतो. फळीतील ताण मोकळा होऊन काप मिटू लागला की लाकूड पात्याच्या मागच्या दात्यांना चिकटते. ते दाते वर येत असल्याने फळी उचलली जाऊन कारागिराच्या अंगावर फेकली जाते आणि हात पात्याकडे ओढला जातो. पात्याच्या लगेच मागे उभी केलेली पातळ पोलादी पाचर हे टाळते. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड पण कापाच्या रुंदीपेक्षा पातळ असावी. कारखान्यांसाठीच्या नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांना अशी पाचर व ढकलकाठी यांची अट घातलेली होती. परंतु १९४८ चा कारखाने अधिनियम मूळ स्वरूपात विजेवर चालणाऱ्या व किमान दहा कामगारांच्या जागेला लागू होता. बापलेकांचे दुकान त्याच्या कक्षेत येतच नव्हते. टेबलाला मोटार जोडून घरी बनवलेल्या करवतीत तर पाचरीला जागाच ठेवलेली नसते.

धुळीचा धोका सावकाश येतो, म्हणून तो दिसत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ मानवात कर्करोग निर्माण करणारी असल्याचे वर्गीकरण केले. नाकाच्या पोकळीचा कर्करोग त्यात प्रमुख आहे. तोंडाला बांधलेला रुमाल भुसा अडवतो, सूक्ष्म धूळ अडवत नाही. त्यासाठी एन-९५ दर्जाची मुखपट्टी आणि यंत्राच्या तोंडाशीच धूळ खेचणारा शोषक आवश्यक आहे. झाडूऐवजी ओले फडके वापरले तरी हवेत उडणारी धूळ बरीच कमी होते.

ढकलकाठीला तर खर्चच नाही. हातभर लांबीचा टाकाऊ तुकडा घ्यावा, त्याच्या टोकाशी फळीवर बसेल अशी खाच पाडावी, मूठ कानशीने गोल करावी आणि काठी करवतीच्या बटणाशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवावी. म्हणजे यंत्र सुरू करणारा हात आधी तिलाच लागेल.